मोकळी जागा

आमच्या गावाच्या हिशेबी मी मार्केट यार्डात असतो.

खरं म्हणजे मी मार्केटिंगमध्ये आहे. चोवीस वर्षं झाली. नऊ वर्षांपूर्वी पिरंगुटच्या पुढं, पौड रस्त्यावरून आत वळलं की लागणाऱ्या एका गावच्या हद्दीत आम्ही फ्लॅट घेतला. सामानाचा टेम्पो अडवून तात्यांनी विचारलं, "साहेब, कशात असता?" मी सांगितलं, "मार्केटिंगमध्ये." तात्या "अस्सं" म्हणाले, टेम्पोला वाट करून दिली आणि पुढच्या रविवारी कांद्याचा भाव विचारायला घरी आले.

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, तात्या, मी काही पिकवत नाही आणि स्वतः काही विकतही नाही. ज्याचा माल आहे त्याचा माल घेणाऱ्याच्या नजरेत भरावा एवढं बघतो आणि मधल्यामध्ये माझे पैसे घेतो. तात्या समाधानानं म्हणाले, "म्हंजे अडतच की." एमबीएच्या दोन वर्षांत माझ्या धंद्याची इतकी नेमकी व्याख्या एकाही प्राध्यापकानं सांगितली नव्हती. त्या दिवसापासून मी वाद सोडला आणि कांद्याचे भाव पाहायला लागलो.

तात्या म्हणजे यात्रा कमिटीचे अध्यक्ष. वय सत्तरीच्या पुढं. दोन्ही कान चेपलेले, पैलवानकीतली ती जन्माची पावती. चैत्रात भैरवनाथाची यात्रा असते. पहिल्या दिवशी पालखी, छबिना आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा. यंदा वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन आले तेव्हा पाणी पिता पिता म्हणाले, "साहेब, तुम्ही त्या लाइनीतलेच. यंदा फलेकचं तुम्ही बघा."

माझ्या कारकिर्दीत मी टूथपेस्ट पाहिली, सिमेंट पाहिलं, एका विमा कंपनीचं मृत्यूविषयीचं हसतमुख कॅलेंडर पाहिलं. पण स्वतःहून चालत आलेलं हे पहिलंच काम. मी रीतसर विचारलं, "तात्या, तुमच्या अपेक्षा काय आहेत?" तात्या म्हणाले, "मोठा पायजे. आन् सगळे पायजेत." आमच्या ऑफिसात याच दोन गोष्टी सांगायला क्लायंट चाळीस पानांचं सादरीकरण करतो आणि मधे जेवण असतं.

दोन रात्री बसलो. दहा बाय वीसचा फ्लेक्स. पांढरीशुभ्र पार्श्वभूमी. उजव्या कोपऱ्यात एका पैलवानाची पाठ, फक्त पाठ, आणि तिच्यावर चिकटलेली तांबडी माती. डावीकडं बारीक अक्षरांत तारीख, वार, ठिकाण. मधे दोनच शब्द: मातीत भेटू. बाकी सगळी मोकळी जागा. ती फाइल बघून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. बायकोला दाखवली. ती म्हणाली, "छान आहे. तात्यांना दाखवताना मी नाहीये."

तात्यांनी मोबाइल हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग चष्मा लावला.

"मातीत भेटू," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "साहेब, हे यात्रेचं आवतन हाय का दहाव्याचं?"

मी गप्प.

"आन् ह्यो पैलवान पाठ करून का उभा हाय? हरलाय का?"

"तात्या, त्यात एक गूढ आहे..."

"असू दे. पर हे एवढं पांढरं का सोडलंय?"

ही माझी हक्काची जागा होती. मी सरसावून बसलो. सांगितलं की याला मोकळी जागा म्हणतात. जगातले मोठमोठे ब्रँड कोट्यवधी रुपये मोजून ही मोकळी जागा विकत घेतात. सगळं भरून टाकलं की काहीच दिसत नाही, मोकळं सोडलं की नजरेला विश्रांती मिळते.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फलेकवाला पैसं फुटावर घेतो. दोनशे फुटाचं भरायचं आन् त्यातलं दीडशे फूट नुसतं पांढरं घेऊन यायचं? नजरेला विश्रांती लोकं घरी जाऊन घेत्यात की." आणि मग, समजूत घालणाऱ्या आवाजात, "साहेब, ही मुळशी हाय. हितं रोडटच मोकळी जागा सोडली तर सकाळी तिथं दुसऱ्याचं कुंपण असतं."

यावर कुठल्याही बिझनेस स्कूलमध्ये उत्तर नाही.

संध्याकाळपासून माझ्या व्हॉट्सअॅपवर फोटो यायला लागले. एकूण त्रेचाळीस. त्यातले एकोणीस गॉगलमधले, अकरा मोबाइल कानाला लावलेले. या फोन कानाला लावलेल्या फोटोंचं मला पहिल्यापासून कुतूहल आहे. पलीकडून कोण बोलत असेल? बहुधा दुसऱ्या फ्लेक्सवरचा कुणीतरी. पिरंगुटच्या फ्लेक्सवाल्या पोरानं माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. त्याच्याकडं कोरलमध्ये तयार साचा होता: वर गोलांत वरिष्ठ, मधे कमरेपर्यंतचे मान्यवर, खाली तिकिटाएवढे शुभेच्छुक. कोणाचं डोकं कोणापेक्षा दोन सूत वर जाता कामा नये, हे त्याला तोंडपाठ होतं. राष्ट्रपती भवनातल्या शिष्टाचार खात्यानं या पोराकडं महिनाभर उमेदवारी करावी. तीन जणांच्या नावामागं 'भावी सरपंच' होतं. मी म्हटलं, एकाच फ्लेक्सवर तीन भावी सरपंच कसे? तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "सर, भावीला कोटा नसतो."

भावी हा मराठीतला सर्वांत टिकाऊ शब्द. पुणे जिल्हा परिषदेवर २०२२ च्या मार्चमध्ये प्रशासक बसला आणि निवडणूक पुढं पुढं सरकत गेली. तेवढ्या वर्षांत आमच्या भागातल्या एका भावी सदस्याचे केस पांढरे झाले. फ्लेक्सवर मात्र काळेच. आमच्या धंद्यात याला ब्रँडचं सातत्य म्हणतात.

त्या रात्री मला झोप आली नाही. तात्यांचं ते रोडटचचं वाक्य डोक्यात फिरत होतं. कारण माझं स्वतःचं आयुष्य गेली चोवीस वर्षं त्याच एका कामात गेलंय. मोकळी जागा शोधायची आणि तिच्यावर कुणाचं तरी नाव लावायचं. बसच्या पाठीवर, क्रिकेटच्या स्टंपवर, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाआधीच्या पहिल्या पानावर. आणि हे सगळं मी राहतो त्या तालुक्यात माझ्या आधी, माझ्यापेक्षा मोठ्या प्रमाणावर आणि सादरीकरणाशिवाय होऊन गेलंय.

सुरुवात टाटांपासून करायला हरकत नाही. मुळशीच्या खोऱ्यात धरण बांधायचं, पाणी कोकणात भिऱ्याला सोडायचं, तिथं वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची, अशी ती योजना. वरून पाहणाऱ्याला ते खोरं नकाशावरची मोकळी जागा दिसलं असणार. तिथं माणसं आणि भातखाचरं आहेत हे १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, कळलं. त्या दिवशी मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी या लढ्यानं दिली, आणि ती त्यांच्या नावाला अशी चिकटली की आज पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर अडकलेल्या माणसाला त्यांचं पाळण्यातलं नाव विचारून बघा. सत्याग्रह तीन वर्षं चालला. धरण झालंच. आज आमच्या गावातली पोरं उन्हाळ्यात रात्री मोबाइलवर टाटा आयपीएल बघतात. २०२२ पासून स्पर्धेचं नावच तसं आहे. तात्यांच्या आजोबांना कुणी सांगितलं असतं की पुढं हेच नाव तुमच्या पणतवंडाला प्रत्येक षटकानंतर ऐकायला लागेल, तर ते काय म्हणाले असते ते इथं छापता येणार नाही.

मग लवासा. हा तर आमच्या धंद्यातल्या माणसानं टोपी काढून उभं राहावं असा मामला. मूळ गाव दासवे. दासवे या नावानं इटलीतल्या पोर्टोफिनोसारखं शहर कसं विकणार? म्हणून कुठल्याच भाषेत ज्याला अर्थ नाही असं एक नाव घडवलं. अर्थ नसलेलं नाव हे कोऱ्या सातबाऱ्यासारखं असतं, हवं ते चढवता येतं. तळ्याकाठी पिवळ्या-तांबड्या इमारतींची रांग उभी राहिली. पुढं २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याची नोटीस आली, २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. मी पावसाळ्यात तिथं जातो. घाटात कणीस खातो, खाली उतरून त्या इटालियन खिडक्यांसमोर फोटो काढतो. चार जण मला फोटो काढून द्या म्हणतात. नगर वसलं नाही पण पार्श्वभूमी म्हणून ते चांगलं चाललंय.

मी कुणाला हसावं म्हणा. २०१३ च्या सुमारास एका बांधकाम व्यावसायिकासाठी मी एक ओळ लिहिली होती: 'पुण्यापासून फक्त वीस मिनिटांवर, निसर्गाच्या कुशीत.' वीस मिनिटं मी मोजली होती, खोटं नाही. पहाटे साडेतीनला, ड्रायव्हर तरुण होता आणि पुणे मी चांदणी चौकापाशी संपवलं होतं. तीन-चार वर्षांनी फ्लॅट शोधताना दुसऱ्या एका माहितीपत्रकात तंतोतंत तीच ओळ दिसली. कुणीतरी उचलली होती. आणि सांगायला लाज वाटते, ती वाचून मी भुललो. आज मी माझ्याच जाहिरातीत राहतो. हिंजवडीच्या ऑफिसला जायला सव्वा तास लागतो. हिंजवडी मुळशी तालुक्यातच आहे, म्हणजे तालुक्यातून तालुक्यात जायला सव्वा तास. निसर्गाच्या कुशीत समोरच्या टॉवरची पार्किंग आली.

त्या चांदणी चौकावरून आठवलं. माझ्या बघण्यातली प्रसारमाध्यमांची सर्वांत मोठी रात्र तिथली आहे. तो जुना पूल पाडायचा होता. नोएडातले दोन टॉवर २०२२ च्या ऑगस्टमध्ये ज्यांनी नऊ-दहा सेकंदांत बसवले होते, तीच मंडळी आली होती. सहाशे किलो स्फोटकं. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री, एक वाजता. सगळ्या वाहिन्या लाइव्ह. आमच्या सोसायटीत क्लबहाउसचा टीव्ही लावून पन्नास माणसं बसलेली, कुणी पोह्यांची कढई आणली होती. निवेदिका तासभर सांगत होती की अवघ्या काही क्षणांत पूल पत्त्याच्या बंगल्यासारखा कोसळणार. उलटी गणती झाली. धडाम! पडदा धुळीनं भरला. निवेदिका ओरडली, "पूल जमीनदोस्त!"

धूळ खाली बसली. पूल होता.

सगळा नाही, पण 'काय म्हणत होतात?' असं विचारण्याइतका होता. अंदाजापेक्षा पुलात लोखंड जास्त निघालं, असा खुलासा आला, आणि उरलेलं काम पोकलेननं रात्रभर खरवडून केलं. स्टुडिओत भयाण शांतता. लिहून आणलेला सगळा मजकूर पडल्यानंतरचा होता. मला त्या रात्री एकाच माणसाचा हेवा वाटला: तो पूल मुळात ज्या ठेकेदारानं बांधला त्याचा. देशभरातल्या वाहिन्यांनी मध्यरात्री फुकट, सहाशे किलो स्फोटकांसकट त्याच्या कामाची चाचणी दाखवली. अशी जाहिरात करायला माझ्याकडं कुणी आलं असतं तर मी आकडा सांगायलाच घाबरलो असतो. शेजारचे निवृत्त इंजिनिअर उठता उठता म्हणाले, "आता बांधतात त्याला एवढं सामान लागणार नाही." पुढच्या ऑगस्टमध्ये नवा चौक सुरू झाला. त्याचे रस्ते इतके फिरतात की पहिल्या आठवड्यात मी कोथरूडला निघालो आणि बावधनची प्रदक्षिणा घालून भाजी घेऊन परत आलो.

तालुक्याच्या नावाचं मात्र भलतंच झालं. या मातीत आंबेमोहोर होतो. शिजताना चार घरं पलीकडं वास जातो. पण उतारा कमी, आणि उंच वाढून आडवा पडतो. म्हणून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं त्याचा आयआर ८ शी संकर करून इंद्रायणी काढला, १९८७ साली. तो सगळीकडं झाला आणि आंबेमोहोर मागं पडला. नाव मात्र मागं पडलं नाही. पुण्यातल्या दुकानांत बारा महिने जो आंबेमोहोर मिळतो तो सगळा इथंच पिकत असेल तर मुळशीला तीन मजली शेती असायला हवी. मी एकदा एका मुंबईच्या क्लायंटपुढं 'मुळशी आंबेमोहोर' अशी मांडणी केली होती. नकाशा, डोंगर, धुकं, सगळं. त्यानं नाव वाचलं आणि विचारलं, "मुळशी म्हणजे ते पॅटर्नवालं? गिऱ्हाईक घाबरेल हो." प्रवीण तरडेंचा 'मुळशी पॅटर्न' २०१८ च्या नोव्हेंबरात आला. जमिनी विकून पैसा आलेल्या आणि गेलेल्या पोरांची ती गोष्ट, बघताना पोटात गोळा येतो. पण लोकांनी त्यातला गोळा टाकून स्टिकर तेवढा घेतला. लातूर पॅटर्न म्हटलं की बोर्डातले मार्क आठवतात, मुळशी पॅटर्न म्हटलं की माणूस गाडी बाजूला घेतो. तात्यांकडं मात्र पन्नास-साठ किलो खरा आंबेमोहोर निघतो. ना पिशवी, ना शिक्का. दिवाळीआधीच वहीत नावं लागलेली असतात. माझं सातवं होतं, यंदा पाचवं आलं.

आता खेळ. हा माझा खरा विषय, ऑफिसात मी त्याचंच खातो. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरची जागा ही देशातली सर्वांत महागडी मोकळी जागा. एनए झालेली, रोडटच, कॉर्नरची. आणि तिच्यावर कसली तरी नजर आहे. सहारा आलं, गेलं. स्टार आलं, गेलं. ओप्पो मुदतीआधी उठलं. बायजूजचं काय झालं ते पालकांना विचारा. ड्रीम इलेव्हन होतं, तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायदाच आला. परिणामी सप्टेंबरातला आशिया कप भारत कोऱ्या छातीनं खेळला. तो जिंकलाही. आणि करंडक कुणाच्या हातून घ्यायचा यावरून असा पेच पडला की संघ करंडकाशिवाय परतला. छाती कोरी, हात रिकामे, आणि विजेते. आमच्या ऑफिसात याचा केस स्टडी करायला घेतला होता. निष्कर्ष आम्हालाच परवडेना, म्हणून सोडून दिला.

पुण्याच्या वाट्याला आयपीएल दोनदा आली. पहिल्यांदा सहारानं संघासाठी ३७ कोटी डॉलरची बोली लावली. पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३ खेळले, म्हणजे मैदानात उतरत होते. शेजारच्या मावळातल्या गहुंज्याच्या स्टेडियमला मालकांचं नाव दिलं होतं. पैशांवरून बिनसलं आणि ते नाव झाकलं. माझ्या माहितीत पैसे दिल्यावर नाव लावणारे पुष्कळ. पण पैसे आले नाहीत म्हणून अख्ख्या स्टेडियमची पाटी झाकायची हिंमत नंतर फक्त आमच्या यात्रा कमिटीत पाहिली. दुसऱ्यांदा रायझिंग पुणे सुपरजायंट्स. २०१६ मध्ये धोनी कप्तान असून आठ संघांत सातवे. मग मालकांनी उपाय काय केला, तर नावातला शेवटचा 'स' काढला. सुपरजायंट्सचं सुपरजायंट झालं. कप्तानही बदलला, पण श्रेय मी 'स'लाच देतो, कारण माझा चरितार्थ तशाच गोष्टींवर चालतो. २०१७ मध्ये संघ थेट अंतिम सामन्यात! मुंबईच्या १२९ धावा, आपल्या १२८. एका धावेनं गेलो. एक अक्षर कमी करण्याऐवजी एक धाव वाढवण्याचा सल्ला कुणी दिला नाही. आम्ही मार्केटिंगवाले तो देत नाही, तो आमच्या अखत्यारीत येत नाही.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता मी आखाड्यावर गेलो. वाटेवर फ्लेक्स लागला होता. दोनशे फुटांत मुंगी शिरायला जागा नव्हती. पैलवानाची पाठ गेली होती, तिच्या जागी पेढ्यांच्या दुकानाचा पत्ता होता. 'मातीत भेटू'ही गेलं होतं. माणसं फ्लेक्ससमोर उभी राहून स्वतःला शोधत होती, सापडलं की फोटो काढत होती आणि मग बाजूला होऊन दुसऱ्याला जागा देत होती. माझ्या कुठल्याही होर्डिंगसमोर आजवर कुणी तीन सेकंदांच्या वर थांबलेलं नाही.

खाली, उजव्या कोपऱ्यात, एक ओळखीचा चेहरा दिसला. माझा. व्हॉट्सअॅपवरून उचललेला, गोव्यातला, टोपी घातलेला. खाली लिहिलं होतं: युवा उद्योजक. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. मागून तात्या म्हणाले, "तुमच्यासाठी मुद्दाम जागा मोकळी ठिवायला सांगितली व्हती. तुम्हाला आवडती म्हणून."

आखाडा भरला होता. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या. जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या आणि हरणारा रडायला लागला तर त्यालाही. मग शंभराची, पाचशेची, हजाराची जोड. हलगी कडाडत होती. पैलवान मातीला हात लावून कपाळाला लावत होते. मी सवयीनं जागा शोधायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की इथं जागाच नाही. अंगावर एक लंगोट. लोगो लावायचा कुठं? शिवाय दोन मिनिटांत सगळ्यावर तांबडी माती.

पण तात्यांच्या आखाड्यात प्रायोजकांना तोटा नव्हता, कारण इथं नाव अंगावर लावत नाहीत, हवेत सोडतात. माइकवर निवेदक होते, घसा बसलेला, खिशात नोटा, हातात चिठ्ठ्या. कुस्ती रंगात आली की गर्दीतून हात वर यायचा, नोट हातोहात पुढं जायची आणि क्षणात आवाज फुटायचा: "कैलासवासी आईंच्या स्मरणार्थ या कुस्तीला पाचशे एक रुपये!" हलगीवाला एक थाप जास्त द्यायचा. काम झालं. ना करार, ना महिनाभर थांबून येणारा चेक. ज्याचं नाव पुकारलं तो फक्त फेटा सावरायचा आणि दुसरीकडं बघायचा.

भूगावला २०१७ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली तेव्हाही मी असाच गर्दीत उभा होतो. अभिजित कटकेनं किरण भगतला हरवलं. खांद्यावर चांदीची गदा घेऊन तो फिरला तेव्हाचा गलका अजून कानात आहे. ती गदा मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ दिली जाते. मामासाहेब मुळशीतल्या मुठा गावचे, राज्याच्या कुस्तीगीर परिषदेचे संस्थापक. १९६१ पासूनच्या या स्पर्धेला किती पुरस्कर्ते आले-गेले असतील, कुणी सांगू शकणार नाही. गदा कुणाच्या नावाची ते कुठलाही पैलवान सांगेल. मी तेव्हा शेजारच्या गृहस्थांना उत्साहानं म्हणालो होतो, याला आमच्यात दीर्घकालीन ब्रँड बांधणी म्हणतात. ते म्हणाले, "खाली बसा, मागच्यांना दिसत न्हाई."

सूर्य कलला. शेवटून दुसरी कुस्ती. एक पोरगा पार खाली गेलेला, पाठ मातीपासून चार बोटांवर, आणि तिथून मान रोवून उलटा फिरला. आख्खा आखाडा उभा राहिला. माझा हात खिशात कधी गेला मला कळलं नाही. पाचशेची नोट वर निघाली, पुढच्यानं घेतली, त्याच्या पुढच्यानं घेतली. आता माझं नाव येणार. छातीत धडधडायला लागलं. मी मोबाइल काढून रेकॉर्डिंग चालू केलं.

निवेदकांनी चिठ्ठी शोधली, नव्हतीच. तात्यांनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

"गुलटेकडी मार्केट यार्डातले सुप्रसिद्ध आडतदार, आपले सोसायटीवाले साहेब, यांच्याकडून या पैलवानाला पाचशे रुपये!"

हलगीवर जादा थाप पडली. चारशे माणसांनी वळून पाहिलं. मी डोक्यावर नसलेला फेटा सावरला आणि दुसरीकडं बघायला लागलो.

दुसरीकडं, माझ्या शेजारीच, एक शेतकरी उभे होते. आदरानं जरा सरकून त्यांनी मला जागा दिली आणि हळूच विचारलं, "मालक, टोमॅटो तोडावा का थांबावं?"

मी क्षणभर आभाळाकडं पाहिलं.

"आठ दिवस थांबा," मी म्हणालो.